मेमरी वाढवावी किंवा कसे

आमच्या घरमालकांकडे आंबे घ्यायचे झाले तरी आधी फाईल व्हायची. ‘विषय: केसर आंबे, एक पेटी, घ्यावेत किंवा कसे.’ त्याखाली काकूंचा अभिप्राय: ‘घ्यावेत.’ त्याखाली शेजारच्या मासींचा, गुजरातीत: ‘आ वखते खाटा छे,’ म्हणजे यंदा आंबट आहेत. आणि सगळ्यात शेवटी लाल शाईत काकांचा हुकूम: ‘उभय बाजूंचा विचार करता अर्धी पेटी घ्यावी.’ तोवर केसरचा मोसम उलटून बाजारात राजापुरी तेवढा उरलेला असे. मग त्या वर्षी साखरांबा होई. काकू बरणी भरता भरता म्हणत, “आमचं लग्नसुद्धा दोन वर्षं विचाराधीन होतं. मीच एक दिवस शिक्का लपवून ठेवला, म्हणून झालं.”

तो शिक्का खरोखरच होता. लाकडी मुठीचे तीन शिक्के काकांच्या मेजावर ओळीनं उभे असत. ‘आवक’, ‘जावक’ आणि ‘विचाराधीन’. त्यांच्या आजोबांपासून घरात संस्थानची नोकरी, काकांचं स्वतःचं आयुष्य सरकारी दप्तरखान्यात गेलेलं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण दांडिया बाजारातल्या त्या अरुंद दुमजली घरात कचेरी चालूच होती. दूधवाला बदलणं, पंखा दुरुस्त करणं, मला वरची खोली भाड्यानं देणं, सगळं टिपण लिहून. माझ्या फाईलवर काकूंचा अभिप्राय होता, ‘मुलगा बारीक आहे. ठेवून घ्यावा.’

काकांची आणखी एक तऱ्हा. कामाला बसताना ते काळी टोपी घालत. टोपी डोक्यावर असली की मी ‘आपण’. टोपी खुंटीवर गेली की मी ‘अरे, तू’. एकाच बैठकीत “आपला अर्ज पाहिला” आणि “चहा घेतोस का रे?” ही दोन्ही वाक्यं मी ऐकलेली आहेत. मध्ये फक्त टोपी काढण्याएवढा वेळ गेलेला.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि कॉम्प्युटरच्या एका दुकानात यंत्रं जोडायचो, दुरुस्त करायचो. ते दिवस आता आठवले तरी अंगात वीज खेळते. दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी नवं यायचं. काल ज्याला वेगवान म्हणत होतो ते आज जुनं. आमचे शेठ खोकं उघडायच्या आधी त्याला अगरबत्ती ओवाळायचे आणि आम्ही चौघं-पाचजण खोक्याभोवती बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे उभे. आपण जगाच्या अगदी दारात उभे आहोत असं वाटायचं. दार कोण उघडणार? आम्हीच की!

काकांकडे एक कॉम्प्युटर होता. त्यांच्या पुतण्यानं स्वतःसाठी नवा घेतल्यावर जुना यांच्याकडे आणून ठेवलेला. हा माणूस कॉम्प्युटरला हात लावणार नाही, अशी माझी खात्री होती. पण काकांनी महिनाभरात मराठी टंकलेखन आत्मसात केलं. रोज सकाळी आंघोळ, पूजा, टोपी, आणि मग यंत्राचं बटण. सुरू होताना काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा टिकटिक करत चढायचा. तो आठ हजार एकशे ब्याण्णववर थांबला की काका मान लववून म्हणत, “हजर.” जणू शिपायानं वर्दी दिली.

हे सगळं कशासाठी, ते मला पुढे कळलं.

काकूंचे वडील संस्थानात शाळा तपासनीस होते. काकू नऊ वर्षांच्या असताना ते गेले. त्यांच्या रोजनिशीच्या तीन जाड वह्या काकूंकडे होत्या, पण मोडी लिपीत. काकूंना मोडी येत नव्हती. साठ वर्षं त्या वह्या कपाटात लाल फडक्यात बांधलेल्या होत्या. संसार, काकूंची शाळेतली नोकरी, सासूचं आजारपण, यात मोडी येणाऱ्या काकांनी त्या उतरवून द्यायच्या राहून गेल्या. आणि निवांतपणा आला तेव्हा काकूंची नजर जायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मधली नजर हळूहळू जाईल, कडेची राहील. वर्ष, फार तर दीड वर्ष वाचता येईल, तेही अक्षर मोठं असेल तर.

“मग काका वाचून दाखवतील की,” मी एकदा म्हणालो.

काकू शेंगा फोडत होत्या. “दुसऱ्यानं वाचलेलं ऐकायचं म्हणजे दुसऱ्यानं चावलेलं खायचं. माझे वडील आहेत. माझं मी वाचीन.”

म्हणून काका मोडीतलं पान देवनागरीत उतरवून कॉम्प्युटरवर चढवत आणि अक्षर एवढं मोठं करत की पडद्यावर एका वेळी चार-पाच शब्द मावत. काकू पडद्याला नाक लावून बसत, एकेक शब्द बोटानं धरून वाचत. मग पुढचे शब्द आणायचे. आणि इथंच घोडं पेंड खात होतं. यंत्राची मेमरी इतकी तोकडी होती की त्या मोठ्या मराठी अक्षरांचा भार त्याला झेपत नसे. पेटीच्या पोटात कपाटात उंदीर शिरल्यासारखी खरखर सुरू व्हायची, पडदा अर्धा पांढरा पडायचा आणि तीन मिनिटांनी पुढचे चार शब्द उगवायचे. तेवढ्या वेळात काकूंच्या वाटीभर शेंगा फोडून होत. घरात दाण्याचं कूट इतकं साचलं होतं की आम्ही भाडेकरूसुद्धा त्यावर जगत होतो.

“पुढचं पुढचं उघडून द्या ना काका,” मी म्हणे. “डभोईचं पान काढा.”

कारण काकू वाट बघत होत्या ती एका पानाची. वडिलांनी त्यांना एकदा तपासणीच्या फेरीवर बरोबर नेलं होतं, छोट्या रुळांच्या गाडीनं डभोईला. बाकी काही आठवत नव्हतं. खिडकी, धूर, आणि हातात कसलंसं फळ.

“मधलं सोडून वाचायला ते काय पंचांग आहे?” काकू म्हणत. “ते रोज लिहीत गेले, मी रोज वाचत जाईन.”

त्या चैत्रात काकांनी नवी फाईल उघडली. ‘विषय: जुन्या संगणकाची मेमरी वाढवावी किंवा कसे.’ मी ती फाईल पाहिली आणि मला उड्या माराव्याशा वाटल्या. इतिहासात कधी मेमरीवर टिपण लिहिलं गेलं असेल का? काकांनी पडदा बदलायला लागणारा वेळ घड्याळ लावून सात दिवस नोंदला होता. अभिप्राय मागवले होते. मासींनी लिहिलं होतं, ‘नवुं ज लई लो ने, काका.’ त्यावर काकांचा शेरा: ‘नवे यंत्र हा प्रस्ताव नाही. जे विचारलेले नाही त्यावर निर्णय देता येत नाही.’ काकूंनी वाकड्या, मोठ्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: ‘वाढवावी. मी सत्तर वर्षांची आहे.’

शेवटचा रकाना माझा होता. तांत्रिक अभिप्राय. त्यात तीन ओळी छापल्यासारख्या आखलेल्या. ‘प्रत्यक्ष पाहणी केली: होय / नाही.’ ‘यंत्रात मेमरी वाढवण्यास जागा आहे काय?’ ‘सही.’

काका म्हणाले, “आपण पाहणी करावी. मी आत बसतो. अधिकारी पाहणी करत असताना त्याच्या खांद्यावरून बघू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे.” आणि ते खरंच आत गेले आणि दार लोटून घेतलं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

त्या दुपारी आमच्या दुकानात इंटरनेट येणार होतं. पहिल्यांदाच. शेठनी साडेतीनची वेळ सांगितली होती आणि घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. कॉम्प्युटरची पेटी भिंतीतल्या फडताळात घट्ट बसवलेली, मागे वायरींचं जाळं, सहा स्क्रू. उघडून, बघून, पुन्हा बंद करायला अर्धा तास सहज गेला असता. त्या कंपनीची दोन-तीन जुनी यंत्रं मी पाहिली होती. त्यांत मेमरीच्या दोनच खाचा असत आणि दोन्ही भरलेल्या. हेही तसंच असणार. मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. आत आवाज जावा म्हणून पेटीवर दोनदा वाजवला. हो, वाजवला. थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग ‘होय’वर खूण केली, ‘जागा नाही’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

सायकल दामटत दुकानात पोचलो तेव्हा मोडेम नुकताच किंचाळायला लागला होता. त्या किंचाळण्यानं अंगावर काटा आला. पडद्यावर एक चित्र वरून खाली रेघेरेघेनं उतरायला लागलं. कुठल्या तरी परदेशी शहरातला पूल होता. अर्धा पूल आला तोच शेठ टाळ्या वाजवायला लागले. “जुओ जुओ, आवे छे!” आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या दुपारी मी फार सुखी होतो. तेही लपवत नाही.

संध्याकाळी परतलो तर फाईल निकालात निघाली होती. ‘तांत्रिक अभिप्राय प्रतिकूल. जागेअभावी प्रस्ताव नामंजूर. उपलब्ध साधनात काम चालवावे.’ काकू म्हणाल्या, “तू एवढं खोलून बघितलंस, आवाज येत होता मला. नसेल जागा तर काय करणार बापडा.” आणि त्यांनी मला शेंगदाण्याची चिक्की दिली. मी ती खाल्ली.

काकांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं: “तोंडी बोललेलं वाऱ्यावर, लिहिलेलं डोक्यावर.” सही केलेला कागद खोटा असू शकतो, ही शक्यताच त्यांच्या जगात नव्हती. खालून खरखर ऐकू आली की मी वर रेडिओ लावायचो. मनात यायचं, एकदा पेटी उघडून बघावी. पण उघडली आणि जागा निघाली तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं. सहा महिने मी असे काढले. त्या सहा महिन्यांत पहिली वहीसुद्धा संपली नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सुताराचा रंधा, शिंप्याचं यंत्र, डॉक्टरचा स्टेथोस्कोप. काकांचं हत्यार आता कॉम्प्युटर. पण त्यांच्या घरात एक नेम होता: पूजेला बसणारं हत्यार आतून-बाहेरून स्वच्छ पाहिजे. त्यांच्या आजोबांकडे जमीन मोजणीची पितळी यंत्रं होती, ती दर नवमीला स्क्रूस्क्रूनं सुटी करून पुसत. वरवर पुसून झेंडू वाहणं म्हणजे, काकांच्या शब्दांत, “देवाशी लबाडी.”

“अरे, ये खाली,” त्यांनी जिन्यातून हाक मारली. टोपी खुंटीवर होती. “पेटी उघडू. मी ब्रश आणलाय.”

पळून जायला जागा नव्हती. मी स्क्रू काढले. झाकण सरकवलं. आत धुळीचा बोटभर थर. काका रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसे, धूळ झाडायला लागले. पाट्या, वायरी, पंखा. आणि मग फणीएवढ्या दोन उभ्या पट्ट्या. त्यांच्या शेजारी धुळीखालून पांढऱ्याशुभ्र आणखी दोन खाचा वर आल्या. रिकाम्या.

काकांचा ब्रश थांबला. “या पट्ट्या मेमरीच्या ना?”

“हो.”

“आणि हे दोन रिकामे कोनाडे?”

काकू दारात झेंडूची माळ घेऊन उभ्या होत्या. “काय झालं?”

“जागा आहे,” काका म्हणाले.

“जागा आहे?” काकूंच्या हातातली माळ खाली आली. “मग तेव्हा नाही का म्हणालास रे?”

आणि मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. “तेव्हा या यंत्राला चालेल अशी मेमरी बाजारात मिळत नव्हती, काकू. आता मिळते.”

काकूंनी ते मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. काका उठले, हात पुसले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

“आपण सुधारित अभिप्राय द्यावा,” ते म्हणाले. “आजच.”

नव्या कागदावर रकाने आखले. ‘जागा आहे.’ ‘मेमरी वाढवता येईल.’ सही. आणि शेवटचा रकाना: ‘आधीचा अभिप्राय बदलण्याचे कारण.’ मी पेन धरून बसलो. काका समोर बसून भिंतीकडे बघत राहिले. खांद्यावरून बघायचं नाही, हा रिवाज. शेवटी मी रकाना कोराच ठेवून कागद पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला. लाल शाईत ‘मंजूर’ लिहिलं. आयुष्यात एका दिवसात निकाली निघालेली ती त्यांची एकमेव फाईल असेल. मग त्यांनी एक शिक्का उचलला आणि कोऱ्या रकान्यावर दाबला. कुठला, ते त्यांच्या हाताखाली मला दिसलं नाही.

टोपी काढली आणि म्हणाले, “जा, पळ. दुकान उघडं आहे का बघ.”

मी असा पळालो! नवमीची गर्दी, गरब्याची वेशभूषा घेऊन चाललेल्या मुली, झेंडूचे ढीग, त्यातून सायकल. शेठ पूजेच्या तयारीत होते. “अत्यारे? ए डोसाना मशीनमां?” आत्ता या वेळी त्या म्हाताऱ्याच्या यंत्रासाठी, म्हणून कुरकुरले, पण गोदामाची किल्ली दिली. एका जुन्या खोक्यात आठ-आठ एमबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या. खिशात ठेवायची भीती वाटली म्हणून डब्यात कापूस घालून आणल्या.

पट्टी तिरकी खाचेत ठेवायची आणि हलकेच उभी करायची. टक्. दुसरी, टक्. काका म्हणाले, “वा! दरवाज्याला कडी बसावी तशी बसली.” मासी आल्या होत्या, त्यांची सून आली होती. यंत्राला हळद-कुंकू लागलं, माळ चढली, काकांनी टोपी घातली आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर आकडा चढायला लागला. टिकटिकटिकटिक. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. रोजचा थांबा त्यांना आवाजावरून पाठ होता. आठ हजार एकशे ब्याण्णव आलं... आणि गेलं!

“थांबलं नाही,” काकू ओरडल्या. “अहो, थांबलं नाही!”

दहा हजार. पंधरा हजार. मासी “हाय हाय, केटलुं जाय छे!” म्हणत पदरात हसत होत्या. वीस हजार. चोवीस हजार पाचशे शहात्तरवर आकडा थांबला तेव्हा काकांना ‘हजर’ म्हणायचं सुचलंच नाही. त्यांनी नुसता पडद्याला हात जोडून नमस्कार केला.

मग रोजनिशीचं पान उघडलं. काकू पुढे सरकल्या, चार शब्द वाचले, सवयीनं शेंगांच्या वाटीकडे हात नेला. एक शेंग फोडायच्या आत पुढचे चार शब्द समोर. त्यांनी ती शेंग तशीच टाकून दिली. पुन्हा पुढचे. पुन्हा. “अरे, हे तर चालतंय माझ्याबरोबर!” त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, “आता कूट कधी करू मी?”

दिवाळीपर्यंत पहिली वही संपली. दुसरी वही त्यांनी पोरानं गोष्टीचं पुस्तक संपवावं तशी वाचली. मी कामावरून आलो की जिन्यात थांबायचो, “आज कुठवर?” आणि आतून काकू ओरडायच्या, “सावली गावाला पोचलो! तिथल्या मास्तरला वडिलांनी झापलाय!” काकांना मोडीतली पानं लिहून पुरवता पुरवेनात. टोपीची, शिक्क्यांची आठवण राहीना.

संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी सकाळी काकांनी स्वतः वर येऊन मला उठवलं. “चल. डभोई.”

काकू पडद्याशी बसल्या होत्या. एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या. “आज... डभोईस जाणे... झाले. सोबत... धाकटी होती.” त्या थांबल्या. बोट तसंच ‘धाकटी’वर. मग पुढे, “इंजिनाचा धूर... डोळ्यांत गेल्याने... रडू लागली. स्टेशनात... पेरू घेऊन दिला... तेव्हा उगी राहिली.”

“पेरू!” काकू म्हणाल्या. “पेरू होता तो!” आणि लगेच पदरानं डोळे पुसत भांडायला लागल्या, वडिलांशी. “आणि रडले नव्हते हं मी. धूर गेला होता. तुम्हीच लिहिलंय ना, धूर गेला म्हणून?”

काका माझ्याकडे बघून हसले. मी हसलो आणि जिना चढून वर गेलो. त्या क्षणी कबूल करायला हवं होतं. त्याहून चांगला क्षण परत येणार नव्हता.

तिसरी वही उघडली तेव्हा फाल्गुन होता. चैत्रातल्या एका सकाळी काकू शांतपणे म्हणाल्या, “अक्षरांच्या मध्ये भोक पडलंय.” अक्षर अजून मोठं केलं. एक शब्द, मग अर्धा. मग त्यांनीच यंत्रावर फडकं टाकलं. तिसऱ्या वहीची चार-सहा पानंच झाली होती. वडिलांचं शेवटचं वर्ष त्या वहीत होतं. काकांनी तरीही ती सगळी उतरवून ठेवली. वाचून दाखवू का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि काकूंनीही मागितलं नाही.

चैत्र ते नवमी, सहा महिने. दिवाळी ते फाल्गुन एक वही होते, तर सहा महिन्यांत काय झालं असतं, हा हिशेब करायला तांत्रिक माणूस लागत नाही.

पुढे माझं लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, वासण्याला घर झालं. काकू गेल्या, मग काही वर्षांनी काका. त्यांच्या पुतण्यानं दांडिया बाजारातलं घर आवरताना मला फोन केला. “तो जुना कॉम्प्युटर काका तुम्हाला द्या म्हणून लिहून गेलेत. जावकचा शिक्का मारून.” पेटीवर एक फाईल बांधलेली होती.

मी यंत्र मेजावर मांडलं आणि बटण दाबलं. सुरू होईल असं वाटलं नव्हतं. पण टिकटिक सुरू झाली आणि माझं काळीज पुन्हा सत्तावीस वर्षांचं झालं. आठ हजार ओलांडले, पंधरा हजार, वीस हजार. चोवीस हजार पाचशे शहात्तर. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, कसला आवाज येतोय म्हणून.

मग फाईल उघडली. सुधारित अभिप्राय, माझी सही, लाल ‘मंजूर’. कोऱ्या रकान्यात ‘विचाराधीन’. त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: ‘आपल्या सवडीने.’

मी पेन घेतलं. शिक्क्याच्या अक्षरांवरूनच लिहिलं:

‘कारण: पहिल्या वेळी पेटी उघडलीच नव्हती. प्रत्यक्ष पाहणी केली: नाही.’

आणि खाली सही केली.